आंबट आणि फार्महाउस बिअर: शेजारी-शेजारी ठेवून चाखायच्या कशा?

माल्टोबा
सहा बाटल्या एका बैठकीत चाखायच्या आहेत: बर्लिनर वाइस आणि गोझ (जर्मन आंबट), सेझाँ (बेल्जियमची फार्महाउस), फ्लँडर्स रेड, ग्यूझ आणि क्रीक (बेल्जियन आंबट; क्रीक चेरीची). चाखणारे सहा जण. 'हलकीकडून कडककडे' हा नेहमीचा नियम इथे लावला तर तीन-साडेतीन टक्क्यांची बर्लिनर वाइस सर्वांत आधी येते आणि साडेसहा टक्क्यांची सेझाँ बरीच मागे पडते. हे मला पटत नाही. आंबट बिअरमध्ये अल्कोहोलपेक्षा आम्लच जिभेला जास्त थकवतं, तेव्हा क्रम आम्लावरून ठरायला हवा असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न टिपणांचा. 'ही जास्त आंबट, ती कमी आंबट' एवढंच लिहून काही हाती लागत नाही. तुलना करायची ती नेमकी कशाची? क्रम, तापमान, पेल्यात किती ओतायची, दोष कसे ओळखायचे, सगळ्यावर लिहा.

कोरडा_घोट
सेझाँ पहिली. जिभेला आम्लाची सवय झाली की त्यानंतर साधं पाणीसुद्धा गोडसर लागतं. मग सेझाँचा कोरडेपणा, ज्याच्या जिवावर ती बिअर उभी असते, तोच पुसला जातो. द्युपाँ ब्रूअरीची सेझाँ बर्लिनर वाइसनंतर प्यायली तर उगाचच जाडसर आणि गोड वाटते. तीच आधी प्यायली तर मिरीसारखा तिखटपणा, हॉप्सचा कडवटपणा आणि शेवटचा कोरडा खटका, तिन्ही वेगवेगळे कळतात.

गाळ_तळाचा
पण सेझाँही आंबटच असते ना? मग ती वेगळी का काढायची?

कोरडा_घोट
@गाळ_तळाचा, नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. सेझाँ मुळात कोरडी असते. तिचं यीस्ट वर्टमधली, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड रसातली, साखर ९० टक्क्यांच्या वर खाऊ शकतं. शेवटची घनता १.००२ ते १.००६ इतकी खाली जाते. त्यातल्या अनेक जाती डायास्टॅटिकस प्रकारच्या आहेत. म्हणजे त्या असं एन्झाइम बाहेर सोडतात की इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिनही फुटून साखर होते. गोडवा उरत नाही, त्यात वायू भरपूर, म्हणून तोंडाला आंबटपणाचा भास होतो.

ओळखायला सोपं आहे. पेला अर्धा मिनिट जोरात घुसळून वायू काढा आणि पुन्हा घोट घ्या. आंबटपणा एकदम उतरला तर तो कार्बन डायऑक्साइडचा होता. तसाच राहिला आणि जबड्याच्या मागच्या कोपऱ्यांतून लाळ सुटत राहिली तर खरं आम्ल आहे. काही ब्रूअरी सेझाँमध्ये लॅक्टोबॅसिलससारखे आम्ल करणारे जंतू घालतात, त्या खरोखर आंबट असू शकतात. पण तसं बहुतेक वेळा लेबलवर लिहिलेलं असतं.

आंबटशौकीन
माल्टोबांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी आम्लाची जात, मग प्रमाण. या क्रमाने लिहिलं की टिपणाला अर्थ येतो.

लॅक्टिक आम्लाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ते जिभेवर गोल, स्वच्छ लागतं आणि लवकर निघून जातं. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगरचं आम्ल उडून जाणारं आहे, त्यामुळे ते पेला नाकाशी नेतानाच कळतं, आणि गिळल्यावर घशात जळजळतं. फळांच्या बिअरमध्ये सायट्रिक आणि मॅलिक येतात; मॅलिकमध्ये हिरव्या सफरचंदाची धार असते.

हे नुसतं वाचून जमणार नाही. बैठकीच्या आधी अर्ध्या तासात जिभेला शिकवता येतं. स्वच्छ, कमी कडू, फिकट लागरचे एकेक लिटरचे तीन जग घ्या.

पहिल्या जगात ८८ टक्क्यांचं खाद्य दर्जाचं लॅक्टिक आम्ल ३ मिलि. एका मिलिमध्ये साधारण १ ग्रॅम आम्ल असतं, म्हणजे लिटरला सुमारे ३ ग्रॅम झालं. दुसऱ्यात ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ४ मिलि, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम ॲसेटिक. तिसऱ्यात दोन्ही.

आकडे नीट पाहा: ॲसेटिक पंधरा पट कमी आहे, तरी वास त्याचाच आधी येतो. तिसऱ्या जगाचा घोट घेतला की फ्लँडर्स रेडचा सांगाडा तिथेच कळतो. आम्ल पिपेट किंवा सुईविना सिरिंजने मोजा, चमच्याने नको. लॅक्टिक आम्ल तीव्र असतं, हातमोजे घाला, आणि बिअरमध्ये मिसळल्याशिवाय चाखू नका.

फेसाळ
+१. यात चौथा जग नुसत्या लागरचा ठेवा, नाहीतर कशाशी ताडून पाहणार?

नळीतला_बुडबुडा
नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो तोही ॲसेटिकच का?

आंबटशौकीन
तो इथाइल ॲसिटेट. ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांचं एस्टर. थोडं असेल तर पेअरच्या फळासारखं वाटतं आणि फ्लँडर्स रेडमध्ये शोभतंही. जास्त झालं की नाकात टोचतं. पिंपात हवा जास्त शिरली की दोन्ही सोबत वाढतात, म्हणून टिपणात एकत्रच नोंदवा.

यीस्टाळ
एक गोष्ट इथे अजून कुणी मांडलेली नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे: ब्रेट म्हणजे आंबटपणा नव्हे. ब्रेट, म्हणजे ब्रेटानोमायसीस, हे यीस्ट आहे, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेनने १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं. ते जवळपास लॅक्टिक आम्ल करत नाही. ऑक्सिजन मिळाला तर ॲसेटिक करतं. बंद बाटलीत मात्र त्याचं काम मुख्यतः वासाचं.

याचा पुरावा म्हणून सातवी बाटली आणा: ओर्व्हाल, बेल्जियमच्या मठातली बिअर. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेट घालतात. ताजी असताना हॉप्सचा वास आणि कडवटपणा पुढे असतो. सहा महिने ते वर्षभरात हॉप्स मागे सरतात आणि चामडं, वाळलेलं गवत, खोगीर असे वास वर येतात. बिअर कोरडी होते, आंबट होत नाही. दोन वेगळ्या तारखांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर ब्रेट काय करतं याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक नाही.

आत काय घडतं तेही सांगतो. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फेरुलिक आम्लापासून सेझाँचं यीस्ट ४-व्हिनाइलग्वायाकॉल बनवतं; तो लवंगेचा वास. ब्रेट त्याचं ४-इथाइलग्वायाकॉल करतं, धुरकट-मसालेदार. शेजारीच ४-व्हिनाइलफिनॉलचं ४-इथाइलफिनॉल होतं, तो गोठ्याचा वास. म्हणून ब्रेट घातलेल्या सेझाँमध्ये लवंग जसजशी उतरते तसतसा गोठा चढतो. टिपणात 'फंकी' असं मोघम लिहू नका. चामडं, गवत, गोठा, धूर, जुनं चीज, अननस. यातलं कोणतं ते लिहा. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

कोरडा_घोट
जुन्या चीजबद्दल भर: लँबिकमध्ये, म्हणजे ग्यूझ आणि क्रीक जिच्यापासून होतात त्या आपोआप आंबणाऱ्या बेल्जियन बिअरमध्ये, मुद्दाम जुने, सुकवून ठेवलेले हॉप्स घालतात. त्यांचा कडवटपणा बराच गेलेला असतो, पण जंतूंना आवर घालण्याचा गुण उरतो. त्यांच्यात आयसोव्हॅलरिक आम्ल तयार झालेलं असतं, ताज्या लँबिकमधला चीजसारखा वास बऱ्याचदा तिथून येतो. तेव्हा तो दिसला की लगेच 'खराब' लिहू नका.

सावकाश
फार्महाउस ही एक चव आहे असं धरून चर्चा चालली आहे, ते थांबवायला हवं. फार्महाउस म्हणजे बिअर कुठून आली ते. ती कशी लागते ते नव्हे. दक्षिण बेल्जियममधल्या वालोनियाची सेझाँ मसालेदार आणि कोरडी. सीमेपलीकडे उत्तर फ्रान्सची ब्येर द गार्द माल्टची, गोलाईची, थंडीत मुरवलेली. तिच्यात गोठ्याचा वास आला तर दोष. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांवर आंबवतात आणि तरी स्वच्छ, बहुतेकदा संत्र्याच्या अंगाची बिअर निघते. बहुतेक क्वाइक लवंगेचा वास देतच नाहीत. फिनलंडच्या साहतीत जुनिपरच्या फांद्यांतून वर्ट गाळतात, आंबवायला बेकरीचं यीस्ट, केळ्याचा वास भरपूर, फेस जवळजवळ नाही. साहतीचं वर्ट बहुधा उकळलेलंच नसतं, त्यामुळे ती थंड ठेवून ताजी असतानाच प्यावी लागते. आंबट झालेली साहती ही नासलेली साहती.

या चौघींना एका तक्त्यात 'फंक: ५ पैकी किती' असं मोजणं चूक आहे.

माल्टोबा
@सावकाश, पटलं. म्हणजे सेझाँ या बैठकीत मापाची बिअर म्हणून ठेवू, आंबट पाचांशी स्पर्धेला नको.

गाळ_तळाचा
केटल सोअर आणि पिंपातली आंबट बिअर, फरक पेल्यात कळतो का? की नुसता 'झटपट' म्हणून नाक मुरडायचं?

आंबटशौकीन
नाक मुरडायचं काही कारण नाही. केटल सोअरमध्ये वर्ट एकदा उकळून ३५ ते ४५ अंशांपर्यंत खाली आणतात, लॅक्टिक आम्ल घालून पीएच ४.५ च्या आसपास नेतात, वरची हवा कार्बन डायऑक्साइडने काढतात, हॉप्स न घालता लॅक्टोबॅसिलस सोडतात. एक-दोन दिवसांत पीएच ३.३ च्या आसपास येतो. मग पुन्हा उकळून जंतू मारायचे आणि नेहमीच्या यीस्टने आंबवायची. निघते ती स्वच्छ, एकपदरी लॅक्टिक. गोझमध्ये कोथिंबिरीचं बी आणि मीठ दिसायला हवं असेल तर ही एकपदरी पाटी फायद्याचीच.

दोष मात्र ठरलेले आहेत. आधी पीएच उतरवला नाही किंवा तापमान घसरलं तर क्लॉस्ट्रिडियम हा जंतू घुसून ब्युटिरिक आम्ल करतो. ओकारीचा वास, चुकणार नाही असा. हवा राहिली तर इतर जंतू हात मारतात. केटल सोअरमध्ये ब्युटिरिक आला तर तो कायमचा, कारण पुढे ब्रेट नाही. मिश्र आंबवणीत ब्रेट त्याचंच इथाइल ब्युटिरेट करू शकतं, आणि मग अननसाचा वास येतो.

यीस्टाळ
लँबिकचा पट याच्या अगदी उलटा. किमान ३० टक्के गहू, बहुतेक माल्ट न केलेला. वर्ट रात्रभर उघड्या पसरट हौदात निवतं, म्हणून काम थंडीच्या महिन्यांतच. पहिल्या महिन्यात आतड्यातल्या जंतूंचे भाऊबंद, मग साधं यीस्ट, तीन-चार महिन्यांनी पेडिओकॉकस हा लॅक्टिक आम्ल करणारा जंतू, नंतर ब्रेट. मधल्या टप्प्यात पेडिओकॉकसमुळे बिअर तेलासारखी चिकट होते, तार सुटते. ओतून द्यायची नाही. ब्रेट ती तार काही महिन्यांत तोडतं. ग्यूझ म्हणजे वेगवेगळ्या वयांच्या लँबिकचं मिश्रण. लेबलवर 'औद ग्यूझ' असेल तर सर्वांत जुना भाग किमान तीन वर्षांचा आणि मिश्रणाचं सरासरी वय किमान एक वर्ष, असा युरोपीय नियम आहे. क्रीक घेतानाही 'औद' शब्द पाहा; तो नसेल तर गोड केलेली असण्याची शक्यता मोठी, आणि मग ग्यूझशी तुलनाच होत नाही.

नळीतला_बुडबुडा
गिळल्यावर पाच-दहा सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी किंवा ओल्या बिस्किटासारखी चव येते, ती कुठून? वासात काहीच नसतं.

यीस्टाळ
टीएचपी, म्हणजे टेट्राहायड्रोपिरिडीन. ब्रेट आणि काही लॅक्टिक जंतू ऑक्सिजन मिळाल्यावर बनवतात. बिअरच्या कमी पीएचवर ते उडत नाही, म्हणून पेल्यात वास नाही. लाळेने तोंडातला पीएच वर नेला की सुटतं, म्हणून उशिरा येतं. खात्री करायची तर थोड्या बिअरमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकून हुंगा. फेस उसळेल, मोठा पेला घ्या. काही लोकांना टीएचपी मुळीच कळत नाही, तेव्हा सहातल्या दोघांना लागलं आणि चौघांना नाही, यावरून भांडू नका. ताजी भरलेली बाटली असेल तर काही महिने पडू द्या, बऱ्याचदा निघून जातं.

प्रयोगवही
आकड्यांचं कुणीच बोललं नाही म्हणून. पीएच एकटा पुरत नाही. साधी बिअर ४.० ते ४.५, आंबट बिअर बहुधा ३.१ ते ३.५. पण ३.३ च्या दोन बिअर जिभेला फार वेगळ्या लागू शकतात, कारण जिभेला एकूण आम्लही जाणवतं. ते मोजायला टायट्रेशन करा.

बिअर थोडी कोमट करून, घुसळून वायू पूर्ण काढा. राहिला तर कार्बनिक आम्ल मोजलं जाऊन आकडा फुगतो. १० मिलि घ्या, थोडं डिस्टिल्ड पाणी घाला, पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० च्या द्रावणांवर जुळवून घ्या, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब सोडत ८.२ पर्यंत न्या. जितके मिलि लागले त्याला ०.९ ने गुणा: लिटरला तितके ग्रॅम, लॅक्टिक धरून. ८ मिलि लागले तर ७.२ ग्रॅम. डोळ्यांवर चष्मा हवाच. रंगीत दर्शकावर विसंबू नका, क्रीक आणि फ्लँडर्स रेडच्या लाल रंगात फिनॉल्फ्थलीनचा गुलाबी दिसत नाही.

तिसरा_पेला
सहा जण आहेत तर एक त्रिकोणी चाचणी घ्याच. दोन ग्यूझ घ्या, क आणि ख. प्रत्येकाला तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. मांडणी सहाच प्रकारे होते: ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख. सहा जणांना एकेक. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश असते, म्हणून सहापैकी किमान पाच जणांनी ओळखलं तरच फरक खरा धरा. चार जणांवर निष्कर्ष काढू नका. बारा जण असते तर आठ लागले असते. कोणती जास्त आवडली हे त्यानंतर विचारा, आधी नाही.

सावकाश
आणि रंगावरून ओळखू नये म्हणून पेले अपारदर्शक. क्रीकचा रंग दिसला की डोळे जिभेला चेरी सांगतात.

फेसाळ
ओतण्याबद्दल, कारण इथेच निम्मी चाचणी बिघडते.

पेला ट्युलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता. बिनवासाच्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळखळून घ्या, कापडाने पुसू नका, उपडा वाळवा. ओल्या पेल्यात आतून मीठ भुरभुरवलं आणि ते सगळीकडे सारखं चिकटलं तर पेला स्वच्छ; जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे आणि तिथेच फेस मरणार.

ग्यूझ आणि सेझाँ आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. पूर्ण थंड करूनच उघडा, कोमट असेल तर फवारा उडेल. बूच हळू, बाटली तिरकी. मग सहाही पेले ओळीने मांडून एकाच चालीत भरा, मध्ये बाटली उभी करू नका. उभी केली की तळाचा गाळ वर येतो आणि पहिल्या पेल्याची बिअर आणि सहाव्याची बिअर दोन वेगळ्या बिअर होतात. ३७५ मिलिच्या बाटलीतून प्रत्येकी ५० मिलि म्हणजे ३००. उरलेले ७५ मिलि गाळासकट बाजूला ठेवा. गाळ शेवटी वेगळा चाखा, यीस्टचा कडवटपणा त्यात कळतो.

तापमान: बर्लिनर वाइस आणि गोझ ५ ते ७ अंश, सेझाँ ७ ते १०, ग्यूझ, क्रीक आणि फ्लँडर्स रेड १० ते १२. अति थंड ग्यूझमध्ये वास गप्प राहतात आणि नुसती धार उरते.

हिरव्या बाटलीवर उजेड पडू देऊ नका. हॉप्सचा घटक प्रकाशाने फुटून स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास येतो, आणि नवखे लोक तो 'फार्महाउस' म्हणून लिहून मोकळे होतात.

कोरडा_घोट
हिरव्या बाटलीच्या मुद्द्याला दहा वेळा +१.

गाळ_तळाचा
गुण द्यायचे का? ५० पैकी?

सावकाश
बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता असा आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण छाप १०. तो प्रकाराच्या वर्णनाशी बिअर जुळते का हे तपासायला उत्तम. पण गोझला ३८ आणि ग्यूझला ४१ म्हणून ग्यूझ सरस, असं वाचू नका. गुण ज्या-त्या प्रकाराच्या आतच तुलनेचे.

माल्टोबा
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा लावतोय: सेझाँ, बर्लिनर वाइस, गोझ, फ्लँडर्स रेड, ग्यूझ, क्रीक.

आंबटशौकीन
एकच बदल करा, फ्लँडर्स रेड शेवटी न्या. रोडेनबाख ब्रूअरीच्या ग्राँ क्रू या फ्लँडर्स रेडमध्ये दोन तृतीयांश भाग ओकच्या मोठ्या पिंपांत दोन वर्षं मुरलेला असतो. माल्टची गोडी आणि व्हिनेगरची धार दोन्ही आहेत. तिच्यामागून ग्यूझ आली तर पाणचट आणि कठोर लागते. शिवाय ग्यूझ आणि क्रीकची मूळ बिअर एकच, लँबिक. त्या लागोपाठ ठेवल्या तर चेरीने काय दिलं ते उघड कळतं, बियांमधून येणारा बदामाचा वाससुद्धा.

गोझनंतर दहा मिनिटं थांबा, मीठ जिभेवर रेंगाळतं. प्रत्येक बिअरनंतर साधं पाणी आणि बिनमिठाचं कोरडं बिस्किट. बैठक संपली की चूळ भरा, पण तासभर दात घासू नका. आम्लाने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने झिजतं.

माल्टोबा
बदल केला. ओर्व्हालच्या दोन बाटल्या सेझाँच्या आधी, वेगळ्या फेरीत. उरलेल्या ७५ मिलिचं काय, दुसऱ्या दिवशी उपयोग होतो का?

यीस्टाळ
होतो. छोट्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ग्यूझचा घोट घ्या. हवा लागल्यावर टीएचपी उगवलं तर तिथेच कळेल. फ्लँडर्स रेडचं हुंगून पाहा, वायू गेल्यावर ॲसेटिक आणि इथाइल ॲसिटेट वेगळे करणं सोपं जातं. सेझाँचा उरलेला भाग मात्र गाळासकट त्याच रात्री संपवा, वायू गेला की तिच्यात बघण्यासारखं थोडंच उरतं.